फसवलं कुणाला? इनसायडर ट्रेडिंग आणि अमेरिकेची न्यायालयं

बॅरी स्विट्झर हे ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे नावाजलेले प्रशिक्षक. जून १९८१ मध्ये ते मुलाची शर्यत बघायला एका मैदानी स्पर्धेला गेले होते. प्रेक्षकांच्या बाकांवर उन्हात पडल्या पडल्या त्यांच्या कानावर एक संभाषण आलं. जॉर्ज प्लॅट नावाचे उद्योगपती बायकोशी बोलत होते. फिनिक्स रिसोर्सेस नावाच्या कंपनीचा कारभार गुंडाळण्याचा विचार चालू आहे, लवकरच घोषणा होईल, असा त्या बोलण्याचा सूर होता. फिनिक्सवर ताबा असलेल्या कंपनीचे प्लॅट स्वतः प्रमुख होते. स्विट्झर आणि त्यांच्या मित्रांनी फिनिक्सचे शेअर घेतले, घोषणा झाली, भाव चढला, पैसे झाले. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे एसईसीने, त्यांना न्यायालयात खेचलं. १९८४ मध्ये ते निर्दोष ठरले.

आता दुसरा माणूस बघा. जेम्स ओहॅगन हे मिनियापोलिसच्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये भागीदार होते. १९८८ मध्ये लंडनच्या ग्रँड मेट्रोपॉलिटन कंपनीला पिल्सबरी ही अमेरिकी कंपनी विकत घ्यायची होती आणि तिने या फर्मला वकील म्हणून नेमलं. ओहॅगन यांनी त्या कामाला हातही लावलेला नव्हता. पिल्सबरीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण फर्ममध्ये काय शिजतंय ते त्यांना कळलं, त्यांनी पिल्सबरीचे कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे शेअर विकत घेण्याचे हक्क) आणि शेअर घेतले, आणि बातमी फुटल्यावर ४३ लाख डॉलरहून जास्त कमावले. ते दोषी ठरले, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या कायदेशीर तत्त्वावर त्यांना दोषी धरलं होतं, त्यावर शिक्कामोर्तब केलं.

दोघांकडे जाहीर न झालेली बातमी होती. दोघांनी तिच्यावर पैसे कमावले. अशा आतल्या बातमीवर केलेल्या व्यवहाराला बोलीभाषेत इनसायडर ट्रेडिंग म्हणतात. समोरच्या बाजूने शेअर विकणाऱ्यांना दोन्ही वेळा काहीच माहीत नव्हतं. तरी एक सुटला आणि दुसरा अडकला. हा फरक नशिबाचा किंवा चांगल्या वकिलाचा नाही. अमेरिकेत ‘तुला जास्त माहीत होतं’ एवढ्यावर गुन्हा होत नाही. तिथलं न्यायालय विचारतं, ही माहिती वापरताना तू कुणाचा विश्वास मोडलास? तुझ्यावर भरवसा ठेवून बसलेल्या कुणाला फसवलंस? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सरकारची केस लंगडी पडते.

हे असं का झालं, ते कळायला कायद्याचा मजकूर बघावा लागतो. आणि तिथे पहिला धक्का बसतो. इनसायडर ट्रेडिंग म्हणजे काय, याची व्याख्या अमेरिकी संसदेच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. १९३४ च्या रोखेबाजार कायद्याचं कलम १०(बी) शेअरच्या खरेदी-विक्रीत ‘फसव्या क्लृप्त्या’ वापरायला मनाई करतं, बस. त्याखाली एसईसीने १९४२ मध्ये नियम १०बी-५ केला. त्याची जन्मकथा मजेशीर आहे. बोस्टनच्या एका कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना ‘धंदा बुडत चाललाय’ असं सांगून त्यांचे शेअर स्वस्तात गोळा करत होता, प्रत्यक्षात नफा चौपट व्हायच्या बेतात होता. एसईसीच्या वकिलांनी बघितलं तर शेअर विकणाऱ्याने केलेली फसवणूक रोखणारी तरतूद होती, विकत घेणाऱ्याने केलेली रोखणारी नव्हती. एका दिवसात मसुदा तयार झाला. आयोगापुढे आला तेव्हा सगळ्यांनी कागद बाजूला टाकला आणि सम्नर पाइक हे आयुक्त एवढंच म्हणाले, ‘आपण फसवणुकीच्या विरोधात आहोत, नाही का?’ मंजूर. त्या नियमात ‘इनसायडर’ हा शब्दही नाही. पुढची ऐंशी वर्षं अब्जावधींचे खटले या एका नियमावर लढले गेले आणि गुन्ह्याची व्याख्या न्यायाधीशांनी निकालागणिक घडवत नेली. म्हणून ती सरळ रेषेत जात नाही.

जुनी न्यायालयं याबाबत बरीच सैल होती. १९३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका खाण कंपनीच्या संचालकांना एका भूगर्भशास्त्रज्ञाचा अंदाज ठाऊक होता, की मिशिगनच्या उत्तर भागात तांबं असण्याची शक्यता आहे. त्यांनी गुपचूप आपल्याच कंपनीचे शेअर बाजारातून घेतले. ज्याने विकले तो भागधारक न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं, शेअर बाजारात कोण कुणाला विकतो हे कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक अनोळखी विकणाऱ्याला शोधून सगळं सांगत बसायचं बंधन संचालकांवर घालता येणार नाही. समोरासमोरच्या व्यवहारात मात्र गोष्ट वेगळी. १९०९ च्या एका खटल्यात कंपनीच्या कर्त्याधर्त्या संचालकाने दलालाआड लपून एका भागधारकाचे शेअर घेतले होते. कंपनीची जमीन सरकारला चढ्या भावाने विकण्याची बोलणी तो स्वतःच करत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फसवणूक ठरवली.

हे चित्र १९६१ मध्ये पालटलं. एका कंपनीच्या संचालक मंडळाने लाभांश कमी करायचा निर्णय घेतला. बातमी बाजारात पोचण्याआधी एका संचालकाने आपल्या ब्रोकरेज फर्ममधल्या भागीदाराला फोन केला आणि त्याने ग्राहकांचे शेअर विकून टाकले. एसईसीने या प्रकरणात जे सूत्र मांडलं ते आजही टिकून आहे: आतली माहिती असेल तर ती जाहीर करा, नाहीतर व्यवहारापासून दूर राहा.

त्यानंतर आलं टेक्सस गल्फ सल्फर. या कंपनीने नोव्हेंबर १९६३ मध्ये कॅनडात ओंटारियोतल्या टिमिन्सजवळ एक भोक खणलं आणि वर आलेल्या खडकात तांबं आणि जस्त इतकं दिसलं की भूगर्भतज्ज्ञ हरखून गेले. कंपनीने तोंड बंद ठेवलं, कारण आजूबाजूची जमीन स्वस्तात घ्यायची होती. हे गप्प बसणं न्यायालयाला अजिबात खटकलं नाही. धंद्यात गुपित राखायचा कंपनीला हक्क आहे. खटकलं ते वेगळंच. ज्यांना हे गुपित ठाऊक होतं ते अधिकारी आणि कर्मचारी त्याच काळात कंपनीचे शेअर आणि ऑप्शन घेत सुटले होते. सुरुवातीला सतरा-अठरा डॉलरला मिळणारा शेअर मे १९६४ मध्ये ५८ डॉलरवर गेला.

न्यू यॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने १९६८ मध्ये दिलेल्या या निकालात लक्षात ठेवण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे माहिती ‘महत्त्वाची’ कधी मानायची. घटना घडेलच असं नसेल, तर ती घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम केवढा, या दोन्हींचा एकत्र विचार करायचा. एका भोकावरून खाण सिद्ध होत नाही, हा अधिकाऱ्यांचा बचाव होता. न्यायालयाचं उत्तर बोचरं होतं: माहिती इतकी फालतू होती तर तुम्ही एवढ्या घाईने शेअर का घेतलेत? तुमची खरेदी हाच तिच्या महत्त्वाचा पुरावा. दुसरी गोष्ट म्हणजे बातमी ‘जाहीर’ कधी झाली. पत्रकार परिषद संपताच एका संचालकाने ब्रोकरला फोन लावला होता. तोही अडकला, कारण तोंडातून शब्द बाहेर पडला म्हणजे बातमी बाजारात पोचली असं होत नाही. ती गुंतवणूकदारांपर्यंत पसरायला वेळ द्यावा लागतो. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाकांक्षी गोष्ट: बाजारात उतरणाऱ्या प्रत्येकाला महत्त्वाच्या माहितीपर्यंत पोचण्याची समान संधी असली पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका.

ऐकायला हे तत्त्व किती न्याय्य वाटतं! बहुतेकांच्या मनातली इनसायडर ट्रेडिंगची कल्पना आजही हीच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने ती १९८० मध्ये मोडीत काढली.

निमित्त झालं एका छापखान्यातल्या कामगाराचं. व्हिन्सेंट किआरेला न्यू यॉर्कच्या एका आर्थिक दस्तऐवज छापणाऱ्या छापखान्यात काम करायचा. एक कंपनी दुसरीला गिळायला निघाली की त्या प्रस्तावाचे कागद तिथे छापायला यायचे. गुप्तता राहावी म्हणून कंपन्यांची नावं कोरी ठेवली जायची आणि अगदी छपाईच्या रात्री खरी नावं यायची. किआरेला हुशार. उरलेल्या मजकुरावरून तो नाव ओळखायचा आणि ज्या कंपनीवर बोली लागणार तिचे शेअर घेऊन ठेवायचा. चौदा महिन्यांत त्याने ३० हजार डॉलरहून थोडे जास्त कमावले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवलं.

सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिलेला निकाल थोडक्यात असा: गप्प बसणं ही फसवणूक तेव्हाच होते जेव्हा बोलायचं बंधन असतं. ते बंधन विश्वासाच्या नात्यातून येतं. कंपनीचा संचालक आणि तिचे भागधारक यांच्यात असं नातं आहे. भागधारकांचे हित जपायचं म्हणून तर तो खुर्चीत बसलेला असतो. किआरेला हा त्या कंपन्यांचा कोण होता? कुणीच नाही. ज्यांनी त्याला शेअर विकले त्यांनी त्याच्यावर कधी विश्वास टाकलाच नव्हता. मग तो विश्वास मोडणार कसा? फक्त माहिती हाती असणं म्हणजे बोलायचं बंधन नव्हे. किआरेला सुटला.

मग त्याने ज्या मालकाचे गुपित चोरलं, त्याचं काय? मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांनी भिन्नमतात हेच विचारलं. पण खटल्यात ज्यूरीपुढे हा मुद्दा नीट ठेवलाच गेला नव्हता, म्हणून बहुमताने त्याला हात घातला नाही. एसईसीने मात्र त्याच वर्षी एक भोक बुजवलं. एखादी कंपनी घेण्यासाठी भागधारकांकडून थेट शेअर खरेदी करण्याचा जाहीर प्रस्ताव येणार असेल, त्याची तयारी बरीच पुढे गेली असेल, तर त्या माहितीवर कुणीही व्यवहार करायचा नाही, विश्वासाचं नातं असो वा नसो, असा नियम १४ई-३ आला. तेवढ्या एका कोपऱ्यात समान संधीचं तत्त्व अजून जिवंत आहे.

किआरेलानंतर तीन वर्षांनी जो प्रश्न आला तो अधिक अवघड होता. आतल्या माणसाने स्वतः व्यवहार केला नाही, फक्त दुसऱ्याला सांगितलं, आणि त्या दुसऱ्याने केला, तर? रेमंड डर्क्स हा न्यू यॉर्कमधला विमा कंपन्यांचा विश्लेषक. मार्च १९७३ मध्ये इक्विटी फंडिंग या कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने त्याला सांगितलं, की कंपनीत प्रचंड घोटाळा आहे, मालमत्ता फुगवून दाखवलेली आहे. सरकारी यंत्रणांना सांगून झालं, कुणी हललं नाही. डर्क्स लॉस एंजेलिसला गेला, कर्मचाऱ्यांशी बोलला, वॉल स्ट्रीट जर्नलच्या तिथल्या प्रमुखाला बातमी छापायची गळ घातली. त्याने छापली नाही. दरम्यान डर्क्स आपल्या ग्राहकांशीही मोकळेपणाने बोलत होता आणि त्यांनी दीड कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर विकले. भाव २६ डॉलरवरून १५ च्या खाली कोसळला. घोटाळा खरा निघाला. कंपनीच्या दप्तरात अस्तित्वात नसलेल्या विमा पॉलिसी होत्या. आणि एसईसीने ठपका ठेवला तो डर्क्सवर!

१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला. निकाल पुन्हा पॉवेल यांचाच. टीप घेणाऱ्याचं पाप हे टीप देणाऱ्याच्या पापातून येतं, हे त्यांचं सूत्र. देणाऱ्याने कंपनीचा विश्वासघात केला असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवं होतं असं असेल, तरच घेणारा दोषी. मग विश्वासघात झाला की नाही हे कसं ठरवायचं? टीप देणाऱ्याला त्यातून वैयक्तिक लाभ झाला का, ते बघायचं. पैसे मिळाले, पुढे पैशांत उतरेल असा नावलौकिक मिळाला, किंवा नातेवाईक-मित्राला त्याने ही माहिती भेट म्हणून दिली, यांतलं काहीही चालेल. इक्विटी फंडिंगच्या त्या अधिकाऱ्याला यांतलं काहीच मिळालं नव्हतं, त्याला घोटाळा उघडा पाडायचा होता. म्हणजे विश्वासघात नाही, म्हणजे डर्क्सही निर्दोष.

याच निकालाच्या एका तळटीपेत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. कंपनीच्या कामासाठी बाहेरून येणारे वकील, हिशेबनीस, सल्लागार, बँकर हेही त्या कामापुरते ‘आतले’ मानले जातात. पगार कुणाकडून घेतो यावर हे ठरत नाही, गुपित कशासाठी हाती सोपवलं यावर ठरतं.

आता स्विट्झर का सुटले ते कळेल. प्लॅट यांना मागेपुढे कोण ऐकतंय याची कल्पनाच नव्हती. त्यांनी टीप दिली नव्हती, लाभ घेतला नव्हता, म्हणून विश्वासघातही केला नव्हता. स्विट्झर यांचं फिनिक्सच्या भागधारकांशी काही नातं नव्हतं. साखळीची पहिली कडीच नाही, तर दुसरी कशाला अडकवणार? मला विचाराल तर हा निकाल कायद्याने बरोबर आहे आणि तरीही घशाखाली उतरत नाही. त्या आठवड्यात फिनिक्सचे शेअर विकणाऱ्या माणसाला, समोरच्याने माहिती चोरली की ती त्याच्या कानावर पडली, याने काय फरक पडतो? त्याचं नुकसान तेवढंच.

न्यायालयांनाही ही अडचण जाणवत होतीच. किआरेलाच्या वेळी अर्धवट राहिलेला प्रश्न १९८७ मध्ये पुन्हा वर आला. वॉल स्ट्रीट जर्नलचा एक स्तंभलेखक आपल्या स्तंभात कुठल्या शेअरबद्दल काय छापून येणार हे एका ब्रोकरला आधीच कळवायचा. रोखे कायद्याखाली हा गुन्हा आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी फूट पडली. टपाल आणि तारेच्या माध्यमातून फसवणूक या वेगळ्या कायद्याखाली मात्र सगळ्या आठ जणांनी त्याला दोषी धरलं: छपाईआधीची माहिती ही वृत्तपत्राची मालमत्ता होती आणि ती त्याने लाटली.

ओहॅगनच्या निकालाने ही फूट मिटवली. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं, की फसवणूक शेअर विकणाऱ्याचीच व्हायला हवी असं नाही. ज्याने विश्वासाने माहिती सोपवली, त्याच्याशी प्रामाणिक असल्याचा देखावा करत तीच माहिती चोरून स्वतःच्या व्यवहाराला वापरणं हीसुद्धा शेअर व्यवहाराशी निगडित फसवणूक आहे. ओहॅगन पिल्सबरीचे कुणी नव्हते हे खरं, पण आपल्या फर्मचे आणि तिच्या अशिलाचे ते विश्वासू होते. ग्राहकांच्या ठेवीतून आधी उचललेले पैसे लपवायला त्यांनी हा नफा वापरला, ही पुढची कहाणी.

या तर्काची एक चमत्कारिक बाजू आहे आणि गिन्सबर्ग यांनी ती निकालात स्वतः कबूल केली आहे. मुळात पकड आहे ती लपवाछपवीवर. ओहॅगन यांनी फर्मला आणि अशिलाला आधी सांगितलं असतं, ‘मी तुमच्या माहितीवर पिल्सबरीचे शेअर घेणार आहे’, तर या तत्त्वाखाली फसवणूक झालीच नसती. चोर दारावर टकटक करून ‘चोरी करतोय’ म्हणाला की चोर राहत नाही, असा हा प्रकार. व्यवहारात असं सांगणारा लगेच नोकरीवरून जाईल आणि दुसरे कायदे त्याच्या मागे लागतील, पण १०बी-५ च्या तडाख्यातून तो निसटू शकतो.

विश्वासाचं नातं हाच पाया धरल्यावर पुढचं भांडण नात्यांवरच येणार होतं. वॉल्डबॉम या किराणा दुकानांच्या साखळीची विक्री ठरली तेव्हा मालकाने बहिणीला सांगितलं, बहिणीने मुलीला, मुलीने नवऱ्याला, आणि नवऱ्याने आपल्या ब्रोकरला. ‘कुणाला सांगू नको हं’ म्हणत बातमी चार घरं फिरली. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की नुसतं लग्न झालंय म्हणून नवरा-बायकोत कायद्याला हवं तसं विश्वासाचं बंधन आपोआप तयार होत नाही. (ब्रोकर तरीही नियम १४ई-३ खाली अडकलाच.) हा निकाल एसईसीला इतका झोंबला की २००० साली तिने नवा नियम केला: नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि भावंडं यांच्याकडून कळलेली माहिती विश्वासाने दिलेली आहे असंच धरून चालायचं, आमच्यात तसं काही नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी व्यवहार करणाऱ्याची.

डर्क्सच्या निकालातल्या ‘भेट’ या शब्दावरही पुढे बरीच ओढाताण झाली. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयाने दोन हेज फंडवाल्यांना, म्हणजे श्रीमंतांचे पैसे बाजारात गुंतवणाऱ्या खासगी फंडांतल्या माणसांना, सोडलं. डेल आणि एनव्हिडिया या कंपन्यांच्या नफ्या-तोट्याचे आकडे त्यांच्यापर्यंत तीन-चार हात फिरून आले होते. न्यायालय म्हणालं, टीप देणाऱ्याला मिळालेला लाभ ठोस हवा, निदान पैशासारखं मोल असलेला. आणि शेवटच्या माणसाला त्या लाभाची माहिती होती हे सरकारने दाखवावं. सरकारी वकिलांची झोप उडाली. आणखी काही जणांवरचे आरोप मागे घ्यावे लागले. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सलमान खटल्यात एकमताने ती कडक अट अंशतः उठवली. तिथे सिटीग्रुपमधला एक बँकर भावाला बातम्या पुरवत होता आणि भाऊ त्या सलमान या नातलगाला पुरवत होता. एकदा भावाने मदत मागितली तेव्हा बँकर त्याला पैसे द्यायला तयार होता. भाऊ म्हणाला, पैसे नकोत, माहिती दे. यापुढे वेगळा युक्तिवाद करायची गरजच काय? भावाला माहिती देणं म्हणजे स्वतः व्यवहार करून नफा त्याच्या हातात ठेवण्यासारखंच आहे, आणि हा लाभ पुरेसा आहे, असं न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं. टीप घेणाऱ्याला काय ठाऊक असायला हवं, ही अट मात्र टिकून राहिली.

गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे तेव्हाचे संचालक रजत गुप्ता यांचं प्रकरण याच कप्प्यातलं. २३ सप्टेंबर २००८ ला गोल्डमन सॅक्सच्या संचालकांच्या फोनवरल्या बैठकीत वॉरन बफे यांच्या कंपनीकडून ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक घ्यायचं ठरलं. बैठक संपल्यावर मिनिटाच्या आत गुप्ता यांच्याकडून हेज फंड चालवणाऱ्या राज राजारत्नम यांना फोन गेला आणि बाजार बंद व्हायला काही मिनिटं असताना राजारत्नम यांच्या फंडाने गोल्डमनचे शेअर उचलले. गुप्ता यांनी स्वतः एकही शेअर घेतला नव्हता. तरी २०१२ मध्ये ते दोषी ठरले आणि दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. त्या फोनवर काय बोललं गेलं याचं ध्वनिमुद्रण नव्हतं. फोनची वेळ, खरेदीची वेळ, दोघांचे आर्थिक संबंध अशा दुव्यांवरून ज्यूरीने गाठ बांधली. अशा खटल्यांत पुरावा बहुतेकदा असाच असतो. राजारत्नम यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या खटल्यात सरकारने त्यांचे फोन चोरून ऐकले होते, हे एरवी संघटित गुन्हेगारीविरुद्ध वापरलं जाणारं हत्यार.

शिक्षेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: फौजदारी गुन्ह्याला २० वर्षांपर्यंत कैद, दिवाणी कारवाईत नफ्याच्या तिप्पट दंड. पण या निमित्ताने एक गैरसमज दूर करतो. मार्था स्ट्युअर्ट या टीव्हीवरच्या प्रसिद्ध बाई ‘इनसायडर ट्रेडिंगसाठी तुरुंगात गेल्या’ असं सर्रास सांगितलं जातं. २००४ मध्ये त्या दोषी ठरल्या त्या तपासात खोटं बोलल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल. त्यांच्यावर इनसायडर ट्रेडिंगचा फौजदारी आरोप ठेवलाच गेला नव्हता. तो दिवाणी दावा होता आणि पुढे तडजोडीने मिटला.

आतल्या माणसाने आपल्या कंपनीचे शेअर घेणं-विकणं यातही मुळात बेकायदेशीर काही नाही. अधिकारी ते रोज करतात आणि दोन कामकाजी दिवसांत एसईसीला कळवतात. माहिती येण्याआधीच लेखी योजना करून ठेवली असेल, की अमुक तारखेला अमुक इतके शेअर विकायचे, तर नंतर हाती गुपित आलं तरी ती विक्री चालते. या सवलतीचा गैरवापर होतोय अशी ओरड झाल्यावर २०२२ मध्ये नियम आवळले गेले. आता योजना केल्यावर अधिकाऱ्यांना पहिल्या व्यवहारासाठी निदान ९० दिवस थांबावं लागतं.

विश्वासाच्या नात्यावर उभी असलेली ही इमारत हॅकरपुढे मात्र डळमळते. ऑक्टोबर २००७ मध्ये आयएमएस हेल्थ या कंपनीच्या नफ्या-तोट्याचे आकडे जाहीर होण्याच्या काही तास आधी कुणीतरी ते ठेवलेल्या सर्व्हरमध्ये घुसलं. युक्रेनमधल्या डोरोझ्को नावाच्या माणसाने भाव पडण्यावर सुमारे ४१ हजार डॉलर लावले आणि दुसऱ्या सकाळी सुमारे २ लाख ८६ हजार डॉलर नफा उचलला. घुसणारा तोच होता, हा एसईसीचा आरोप. त्याने कुणाचा विश्वास मोडला? कुणाचाच नाही, तो तर सरळ दरोडेखोर. पहिल्या न्यायालयाने याच कारणाने एसईसीला नकार दिला. दरोडेखोराला विश्वासू कारकुनापेक्षा सौम्य वागणूक! अपील न्यायालयाने २००९ मध्ये वाट काढली: गप्प राहणं फसवणूक ठरायला नातं लागतं, पण खोटं बोलायला नातं लागत नाही. हॅकरने आत शिरण्यासाठी स्वतःची खोटी ओळख दाखवली असेल, तर ती सरळसोट फसवणूक. फक्त यातून एक बारीक भेद उरतो. खोटी ओळख सांगून शिरणारा अडकेल. सॉफ्टवेअरमधल्या फटीतून काही न बोलता आत सरकणाऱ्याबद्दल वाद घालायला जागा राहते.

युरोपीय संघाने आणि भारताने हा गुंता बऱ्याच अंशी टाळला आहे. तिथे नियमच लिखित आहेत आणि भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती हाती असताना व्यवहार केला का, यावर त्यांचा भर आहे. अमेरिकेतही असा कायदा करायचे प्रयत्न झाले. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये विधेयक मंजूर केलं, पण दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडकलं. व्याख्या लिहून ठेवली की पळवाटा शोधणाऱ्यांना नकाशा मिळतो, हा त्याविरुद्धचा जुना युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. नकाशा नसल्याने चोरांची अडचण होते, तशीच कंपनीत प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचीही होते.

मॅथ्यू पानुवाट यांच्या खटल्यात ही अडचण दिसली. ते मेडिव्हेशन या औषध कंपनीत अधिकारी होते. ऑगस्ट २०१६ मध्ये फायझर ही बडी कंपनी मेडिव्हेशनला विकत घेणार हे त्यांना कळलं. त्यांनी मेडिव्हेशनच्या शेअरला हात लावला नाही. त्यांनी इन्साइट या तशाच दुसऱ्या औषध कंपनीचे ऑप्शन घेतले, जिचा या सौद्याशी काही संबंध नव्हता. एकीला चांगली किंमत मिळाली की तिच्यासारख्या दुसरीचाही भाव वधारतो, आणि तसा तो वधारला. लाखाहून जास्त डॉलर मिळाले. कंपनीच्या अंतर्गत धोरणात, इथे कळलेल्या माहितीवर ‘दुसऱ्या’ कंपन्यांच्या शेअरमध्येही व्यवहार करू नका, अशा अर्थाची ओळ होती. एसईसीने तीच ओळ पकडली: मेडिव्हेशनने तुमच्यावर हा विश्वास टाकला होता, तो तुम्ही मोडलात. एप्रिल २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने ते मान्य केलं. तेव्हापासून कंपन्यांचे वकील आपापल्या धोरणांतली तशी ओळ पुन्हा तपासून बघताहेत: ती ठेवावी, आणखी पसरट करावी, की काढूनच टाकावी.